मला कोण नाय

५ जानेवारी, रविवार. दुपारी तीन.
आले एकदाची. किन्हवलीवरून डोळखांबची एसटी, पुढे जीप, मग पाय. उंबरछाया बालसदन. फाटक उघडायला प्रशांत सर स्वतः आले. बालसदन त्यांचंच. एवढा शिकलेला माणूस माझी पिशवी उचलतो म्हणजे माझी काहीतरी किंमत असणार. पिशवीत तांदळाचे पापड, सुकट, भाविकासाठी लाल स्वेटर आणि ही डायरी. डायरी खतवाल्या दुकानदाराने आमच्या ह्यांना दिली होती. ह्यांना लिहायला येतं पण लिहिण्यासारखं काय नाय. मला लिहिण्यासारखं खूप आहे, येतं थोडं. दुसरीपर्यंत शाळा. जोडाक्षरं मे महिन्यात भाविकाने शिकवली. चुकलं की पट्टी मारायची.

भाविका माझी नात. अनिलची पोरगी, चौथीत. अनिल आणि सून रेश्मा भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला, एका खोलीत सहा माणसं, तिथे पोरीला कुठे ठेवणार. माझ्याकडे ठेवली असती. पण माझे गुडघे, ह्यांचा चहा, म्हैस. म्हणून जूनमध्ये मीच इथे आणून सोडली. शिक्षणासाठी. फाटकाशी सांगितलं, रडायचं नाय हा, सरांचं ऐकायचं, सगळ्यांशी मिळून रहायचं, मी दर रविवारी येईन. तशी आले पण. दोनदा. एसटी चुकते त्याला कोण काय करणार.

इथल्या संघरत्ना बाई सांगत होत्या, दर रविवारी दहा वाजल्यापासून भाविका फाटकाजवळच्या दगडावर बसते, जेवायला बोलवावं लागतं. बसू दे. तिथे वारा चांगला येतो.

प्लॅन पक्का आहे. इथली स्वयंपाकीण भिमी लेकीच्या बाळंतपणाला गेली. परदेशातल्या एका चर्चची टीम पोरांची सेवा करायला येते आहे. आठवडाभर मी चूल सांभाळायची, तेराला भाविकाला घेऊन म्हशाच्या जत्रेला जायचं. पौषाची पुनव. तिला मे महिन्यात शब्द दिला होता, मोठ्या पाळण्यात बसवीन आणि मी पण बसेन. मी शब्दाला पक्की.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी पाच.
सरांनी पाटावर बसवून समजावलं. टीम ज्यांना कोणच नाय अशा पोरांसाठी विमानात बसून येते. तर ती असेपर्यंत मी भाविकाला नात म्हणायचं नाय. ती मला मावशी म्हणेल, जेवण करणाऱ्या बाईला म्हणतात तसं. मी विचारलं, सर, एकतीस पोरं आहेत, त्यातली बिनआईबापाची किती. म्हणाले चार. मग बाकीच्यांचं काय. म्हणाले आज्जी, चार पोरांसाठी कोण विमानात बसत नाय, आणि मुलींच्या बाथरूमला अजून पत्रे नायत, वरून माकडं बघतात.

मोठा माणूस. मला पटलं. एका पोरीची आजी होते, एकतीस जणांची मावशी झाले. हे प्रमोशनच.

भाविकाला चुलीशी बोलावून सांगितलं, गंमत आहे गो, आठच दिवस. ती म्हणाली मला माहीत आहे, दिवाळीत पण टीम आली होती. हुशार पोर.

निश्चय: कमी बोलायचं. मिश्री बंद. रोज दहा इंग्लिश शब्द.

६ जानेवारी. संध्याकाळ.
टीम आली. नऊ जणं, सगळ्यांना निळे टी-शर्ट. नावं तोंडात बसत नायत म्हणून मी माझी ठेवली. एक उंटासारखा उंच. एक सारखा पाणी पिणारा. एक पोरगी आहे तिच्या तोंडभर ठिपके, कोंबडीच्या अंड्यावर असतात तसे, पण गोड. तिने आल्या आल्या भाविकाला उचलून कडेवर घेतलं. दहा वर्षांची घोडी, तिला. भाविकाने तिच्या गळ्यात हात टाकले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी भिंत आहे. काय अॅक्टिंग.

भात करपला. लाकडं ओली होती.

इंग्लिश शब्द तीन: हॅलो, थँक्यू, ओमायगॉड. मिश्री एकदाच.

७ जानेवारी, मंगळवार.
सकाळपासून भाविकाचे फोटो. हसताना, पाणी पिताना, ठिपकेवालीच्या टोपीत. संध्याकाळी पोरीने भाकरी ताटातच ठेवली. मी ओळखलं. दृष्ट. नऊ माणसं सकाळपासून बघतायत, तीही घाऱ्या डोळ्यांची. सरांचं सगळं ऐकेन, पण दृष्ट म्हणजे दृष्ट. तिला चुलीमागे घेतलं, मीठ-मोहरी आणि पाच मिरच्या ओवाळल्या. आल्यागेल्याची, शेजारणी-पाजारणीची, विमानातून उतरलेल्याची. मिरच्या निखाऱ्यात टाकल्या. वास आलाच नाय, म्हणजे दृष्ट जबर. मग आला तो असा आला की टीम खोकत खोकत धावत आली. आग लागली असं वाटलं त्यांना.

ठिपकेवालीने विचारलं, हे काय, आणि हिलाच का. संघरत्ना बाई इथे भाषांतर पण करतात. सर दारात, तोंड पांढरं. मी सांगितलं, हिला एकटीला नाय, सगळ्यांना असतं, ही पहिली. मग काय. एकतीस पोरं रांगेत. त्यांच्यामागे टीम रांगेत. उंटासाठी मला स्टुलावर चढावं लागलं. संघरत्ना बाई म्हणाल्या, आज्जी, आमच्यात हे करत नायत, पण तुमची रांग मी मोडत नाय. महिन्याच्या मिरच्या एका दिवसात संपल्या, सरांनी आणखी मागवल्या.

उद्यापासून हे टाइमटेबलात आहे. साडेपाच ते सहा, आजीचा आशीर्वाद. भिमीच्या नावाचा कधी कुठला प्रोग्रॅम झाला नव्हता.

८ जानेवारी, बुधवार. जेवणानंतर.
आज ठिपकेवाली लसूण सोलायला आली. भाविका पण होती. ठिपकेवालीने तिला विचारलं, तुझ्या घरी कोण आहे. भाविकाने मान पण वर केली नाय. लसूण सोलत सोलत म्हणाली, नो वन दीदी. शब्द नवीन म्हणून मी संघरत्ना बाईंना अर्थ विचारला. म्हणाल्या, कोण नाय.

चुलीचा धूर फार होता.

मग ठिपकेवालीने मला तेच विचारलं. सर दारातच असतात. मी काय सांगणार. सांगितलं, कोण नाय. एवढं सगळं जुळवून आणलं आहे आणि मी बिघडवू? आणि फार खोटं झालं नाय. आमच्या ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाय, लिहायला हरकत नसावी: देवराम. तर हे देवराम घरात असून नसल्यासारखेच. अनिल फोन उचलत नाय. तसं बघितलं तर मी खरंच बोलले.

ठिपकेवाली रडली. पाणी पिणारा रडला. सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. एवढं तर माझ्या लग्नात कोण रडलं नव्हतं. कुंकवाचं त्यांनी विचारलं, सरांनी सांगितलं की इकडच्या म्हाताऱ्या बाया डोकं दुखू नये म्हणून लावतात. मंगळसूत्र मी पोलक्यात टाकलं होतं. कुंकू पुसायला सांगितलं असतं तर मात्र मी सरळ चालू पडले असते.

९ जानेवारी, गुरुवार.
टीमने रात्रीत मीटिंग घेतली. लाकडं ठेवायच्या शेडला भिंत बांधून मला खोली करणार. निराधार आजीसाठी. स्वतःच्या हाताने. मी म्हटलं नको. संघरत्ना बाईंनी भाषांतर केलं तर सगळे परत रडले. बाई म्हणाल्या, नको म्हटलं की त्यांना तुमी आणखी गरीब वाटता.

बांधकाम सुरू. अशी भिंत मी जन्मात पाहिली नाय. दुपारपर्यंत तिला पोट आलं. गवंडी नथू आमच्याच गावचा. त्याचं काम असं की टीम उठायच्या आत पहाटे येऊन कालची भिंत पाडायची, सरळ बांधायची आणि वर थोडी वाकडी ठेवायची, ओळखता येईल इतकी. तो म्हणाला, रंभाकाकी, अशी मजुरी पहिल्यांदाच करतोय. मग म्हणाला, तुला कोण नाय असं ऐकलं. देवरामकाका कधी वारले.

त्याला सांगितलं, तोंड बंद ठेव. आणि आमच्या ह्यांना निरोप दे की तेराला सकाळी जीप घेऊन फाटकाशी या, मला आणि पोरीला जत्रेला न्यायचं आहे. आता तोंड बंद ठेव आणि निरोप दे ही दोन कामं एका माणसाला सांगायची नसतात, हे मला उशिरा सुचलं.

११ जानेवारी, शनिवार.
फाटकाला कुलूप. टीमच्या सामानासाठी म्हणे. फोनला रेंज फाटकाबाहेरच्या चिंचेखाली. सरांकडे चावी मागितली, म्हणाले उद्या. काल पण उद्याच म्हणाले होते. सकाळी पाच ते रात्री नऊ चूल, मध्ये अर्धा तास आशीर्वाद. पण मी काय इथे अडकले नाय. तेराला निघायचंच आहे. दोन दिवसांसाठी कुलपाशी कशाला भांडायचं.

भाविका दुपारी पाणी प्यायला आली. कोण नव्हतं. म्हणाली, मावशी, जत्रेला नक्की जायचं ना. कोण नसताना पण मावशी. सवय चांगली, कुठे चुकणार नाय.

इंग्लिश शब्द: सोडून दिले. नो वन पाठ झाला तेवढा पुरे. मिश्री चालू. टेन्शनमध्ये लागते.

१३ जानेवारी, सोमवार. पौषी पुनव.
जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल.

सकाळी नऊला खोलीचं उद्घाटन. भिंती गुलाबी, त्यावर फुलपाखरं. लोखंडी पलंग, फोमची गादी, उशाशी दोन केळी. दारावर दोन भाषांत माझं नाव. उंटाने माझ्या हातात कात्री दिली. मी रिबीन कापणार तोच फाटकाबाहेर जीपचा हॉर्न. आमचे हे. इस्त्रीचा पायजमा, धुतलेली टोपी. जत्रेला निघाले होते ना.

सर धावत गेले. मला वाटलं सांगतील की पाहुणे आहेत, पत्ता चुकले. सर घाबरले असणार, कारण टीमला सांगितलं की खोलीचं ऐकून आणखी एक म्हातारे लांबून आले आहेत. संघरत्ना बाईंचा भाषांतर करताना आवाज बसला. त्यांना खोटं बोलायची सवय नाय, दमतात. ठिपकेवालीने ह्यांचा हात धरून विचारलं, तुमचं कोण आहे.

मी डोळ्यांनी खूण करत होते की सांगा काहीतरी, सांगा पाहुणा आहे, सांगा जीपवाला आहे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गादीकडे बघितलं. केळ्यांकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, कोण नाय.

टाळ्या. दुसरा पलंग आणायला टीममधले चार जण आमच्याच जीपमधून शहापूरला गेले. जीप गेली म्हणजे जत्रा गेली.

मी ह्यांना चुलीशी गाठलं. एकोणचाळीस वर्षं सकाळी पाचला चहा देते आणि कोण नाय? तर केळं सोलत म्हणाले, नथूने सांगितलं तुला कोण नाय, मग मला तरी कोण. एवढंच. मग म्हणाले, गादी बरी आहे.

संध्याकाळी आशीर्वादाच्या रांगेत भाविकाचा नंबर आला. डोंगरावर चंद्र वर आलेला. ती हळूच म्हणाली, आजी, आज पुनव ना. टीम मागेच उभी होती. मी म्हटलं, शू, मावशी म्हण.

म्हणाली मावशी. पुढे गेली. मिरच्यांचा ठसका आज जास्तच होता.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
तिळगूळ केला. टीमने सांगितलं की व्हेरी नाइस. ह्यांनी मला तिळगूळ दिला पण गोड बोलले नायत. जत्रा अजून आठ-दहा दिवस चालते, पुनव हुकली म्हणजे सगळं हुकलं असं नाय. उलट नंतर गर्दी कमी. पाळण्यात जास्त वेळ फिरवतात. बरंच झालं.

१६ जानेवारी, गुरुवार.
टीम निघाली. सगळी पोरं हुंदके देऊन रडली, गाडी वळणाआड गेली तशी गप झाली आणि क्रिकेट खेळायला गेली. ठिपकेवालीने माझे दोन्ही हात धरले आणि बरंच काही बोलली. संघरत्ना बाई पोरं मोजत होत्या, भाषांतराला नव्हत्या. मी म्हटलं, येस येस. ती खूश झाली. परत विचारलं. मी परत येस.

नंतर बाईंनी सांगितलं मी कशाला येस म्हणाले ते. दर शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. आमी दोघं निराधार आमच्या खोलीत कसे आहोत हे टीम बघणार.

मी सरांना म्हटलं, फाटक उघडा, मी नातीला घेऊन चालले. नातीला म्हटलं, मोठ्याने. सरांनी चावी हातात दिली, अडवलं नाय. फक्त म्हणाले, बाथरूमचे पत्रे टीम पुढच्या महिन्यात पाठवणार आहे, शनिवारी तुमी दिसला नाय तर काय सांगू. मी बाथरूमकडे बघितलं. भिंतीवर माकड बसलं होतं.

शनिवार म्हणजे परवा. परवापर्यंत थांबायला काय जातं.

१८ जानेवारी, शनिवार.
कॉल झाला. आमी पलंगावर बसलो, ह्यांनी टोपी घातली. टीमने आमच्यासाठी गाणं म्हटलं. पुढच्या शनिवारी परत.

शेजारीण चिमीचा निरोप आला: म्हैस आज-उद्या विणार, मी एकटी किती बघू, तुमी दोघं कुठल्या आश्रमात जाऊन बसला आहात. निरोप भिवंडीला पण गेला. रेश्माला सुट्टी मिळाली. म्हशीसाठी मिळाली. जूनमध्ये पोरीसाठी मागितली होती तेव्हा मिळाली नव्हती. कंपनीचे नियम असतात.

१९ जानेवारी, रविवार.
अनिल-रेश्मा मोटरसायकलवर आले. रेश्मा म्हणाली, आता मी घरीच राहते, म्हैस बघते, भाविकाचं नाव किन्हवलीच्या शाळेत घालते. मी म्हटलं, अगो मग हे जूनमध्येच का नाय केलं. ती म्हणाली, आई, जूनमध्ये तुमी म्हणाला होता की माझ्याच्याने होणार नाय, गावी नको ठेवू.

असं म्हणाले असेन. गुडघे तेव्हा जास्त दुखत होते.

सरांनी वहीत लिहिलं, भाविकाला कुटुंब मिळालं. शनिवारी टीमला सांगणार आहेत. टीम रडेल.

इथून थेट जत्रेला जायचं असं अनिल म्हणाला. मोटरसायकलवर तिघं बसल्यावर जागा उरत नाय. मला पण पाळण्यात चक्कर येते, तेव्हा झालं ते ठीकच. फाटकाशी भाविका लाल स्वेटर घालून मागे बसली, मग उतरली, माझ्याकडे आली. माझा पदर नीट केला. म्हणाली, रडायचं नाय हा आजी. सरांचं ऐकायचं. सगळ्यांशी मिळून रहायचं. मी दर रविवारी येईन.

कोणाकडून शिकली काय माहीत. शब्दाला पक्की आहे पोर.

२५ जानेवारी, शनिवार.
कॉल. भाविकाला घर मिळालं हे ऐकून ठिपकेवाली नाचली. आमच्याकडे बघून म्हणाली, तुमच्यासाठी पण प्रार्थना करतो, तुमचं पण कोणीतरी येईल.

निश्चय: टीमला खरं काय ते सांगायचं. पत्रे येऊ देत मग. भिमी लेकीकडेच राहिली, चूल पण कोणी बघायला हवी.

२६ जानेवारी, रविवार.
भाविका आली नाय. शाळेत झेंडावंदन असणार. म्हैस व्याली, पारडी झाली असा निरोप आला.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी एक.
दहा वाजता फाटकाकडे आले. फाटक उघडंच आहे, आता कुलूप लावत नायत. अकराची जीप गेली. बाराची गेली. एसटी चुकली असेल. चुकते. हे एकदा येऊन म्हणाले, जेवायला चल. मी म्हटलं, येते.

वारा काही तितका नाय इथे. दगड गार आहे. बसून बसून मधोमध गुळगुळीत झाला आहे, छोट्या माणसाच्या मापाचा.